खालचा आणि वरची

९ जानेवारी

दादा,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं काही ठरलेलं नाही. फोनवर तू "बरं, बरं, ठेवतो" याच्या पुढे जात नाहीस, म्हणून कागद घेतला. आता बस मुकाट्याने वाचत.

एक गंमत सांगायची आहे. हसलास तरी चालेल, फक्त वहिनीला मोठ्याने वाचून दाखवू नकोस. मी परत हातांवर उभी राहायला लागले आहे.

झालं असं की आईची खाट मी शेवटी देऊन टाकली. आई गेल्यापासून वर्षभर तशीच होती. मी तिच्यावर वाळलेले कपडे टाकायचे आणि संध्याकाळी परत उचलायचे, म्हणजे खाटेला काहीतरी काम आहे असं वाटावं. खाट गेल्यावर मागची भिंत एकदम उघडी पडली. आईचं डोकं जिथे टेकायचं तिथे रंग काळवंडला होता. तो पुसायला गुडघ्यांवर बसले, डाग काही निघेना. उठायला म्हणून हात फरशीवर टेकले आणि काय अवदसा आठवली कोण जाणे, एक लाथ मारली आणि गेले वर! एक्कावन्नाव्या वर्षी! पाय धप्पकन भिंतीला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडू ठोकला.

आणि मग सगळी खोली गरगरा फिरायला लागली. कान भरून आले, डोळ्यांपुढे काजवे. खाली आले ती कितीतरी वेळ फरशीवर आडवी पडून होते. तेव्हापासून रोज करते आणि रोज चक्कर येते. लहानपणी कधी आली होती का रे? व्यायामशाळेच्या कार्यक्रमात आपली जोडी शेवटी असायची. तू पाठीवर झोपायचास, हात वर करायचास, मी तुझ्या तळव्यांत हात देऊन उलटी व्हायचे, आणि तू मला तसाच घेऊन हळूहळू उठून उभा राहायचास. तुझ्या हातांवर मी डुलकी काढली असती इतकं निवांत वाटायचं.

तर दोन कामं आहेत तुझ्याकडे. एक, ही चक्कर कशी घालवायची ते सांग. दोन, मे महिन्यात आमचं दुकान पंधरा दिवस बंद राहणार आहे, फरशी बदलणार आहेत. मला तुझ्याकडे यायचं आहे. आणि एकदाच, हो, एकदाच, तुझ्या हातांवर उभं राहायचं आहे. माझं वजन वाढलं आहे हे खरं, पण जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाने वजनाची तक्रार करू नये.

हसू नकोस आता. आई होती तेव्हा मी दिवसातून दहा वेळा तिला धरायचे, उठवायचे, पाठ पुसायचे. ती माझ्या दंडाला धरून बसायची. ती गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही. दुकानात चष्मा देताना गिऱ्हाइकाची बोटं लागतात, तेवढीच. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण तुला नाही लिहिणार तर कुणाला?

तुझी,
काडी

२० जानेवारी

काडी,

तुला वेड लागलं आहे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल.

पहिलं, रक्तदाब तपासून घे. तो वाढलेला असेल तर हा उद्योग आजच बंद. मग माझी शपथ वगैरे घालायला लावू नकोस.

रक्तदाब ठीक असेल तर पुढचं वाच. जेवणानंतर उलटं व्हायचं नाही. थेट लाथ मारून वर जायचं नाही. आधी नुसतं वाकून हात टेकायचे, डोकं खाली सोडायचं, थांबायचं. ते सोसलं की दुसऱ्या आठवड्यात भिंतीकडे पाठ करून पाय भिंतीवर अर्धे चढवायचे. पूर्ण उभं नंतर. वर असताना श्वास रोखतेस, मला माहीत आहे, तू लहानपणीही गाल फुगवायचीस. श्वास सोडत राहा. मान मागे मोडायची नाही. खाली आलीस की गुडघ्यांवर बस, कपाळ फरशीला टेकव, मग हळूच उठ. टुणकन उभी राहिलीस तर चक्कर येणारच.

आणि चष्मा काढतेस ना?

आता हे नीट बघ आणि खरं उत्तर दे. अंथरुणात डाव्या कुशीवर वळलीस की छत फिरतं का? वरच्या फळीवरचा डबा काढताना मान मागे गेली की? बुटाचे बंद बांधायला वाकलीस की? पोटात ढवळतं का? तसं होत असेल तर डोक्याखाली दोन उशा घे. सकाळी एकदम उठू नकोस, काठावर बसून राहा, एकाच वस्तूकडे बघ, फिरणं थांबतं. न्हाणीघरात स्टूल ठेव. जिना उतरताना भिंतीच्या बाजूने उतर. आणि चक्कर येईल या भीतीने मान आखडून चालू नकोस, त्याने खांदे धरतात.

मे महिन्याचं बघू. घराला रंग काढायचा विचार आहे. तुझी वहिनी मजेत.

दादा

१६ फेब्रुवारी

दादा,

रक्तदाब अगदी पुस्तकातल्यासारखा आहे. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, व्यायाम करता का? मी म्हटलं, थोडासा.

चष्म्याचं वाचलं आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मी लोकांच्या काचा घासते. वरचा भाग लांबचं बघायला, खालचा भाग वाचायला, रेघ इथे आली पाहिजे, अर्ध्या केसाइतकी चुकली तर गिऱ्हाईक जिन्यावर अडखळतं, हे मी नव्या मुलींना घोकून घेते. आणि संध्याकाळी घरी येऊन तोच दोन नंबरांचा चष्मा घालून मी उलटी होते! फरशी हातभर अंतरावर आणि मी ती लांबच्या काचेतून बघते आहे, तीही अर्धी काचेतून आणि अर्धी काचेबाहेरून. देवाशपथ, महिनाभर माझ्या डोक्यात आलं नाही. दुकानात कुणाला सांगू नकोस, म्हणजे तू तरी कुणाला सांगणार म्हणा.

आता चष्मा काढते. श्वासाचं म्हणालास तेही बरोबर, गाल फुगवतेच मी. हळूहळू चढते, हळूहळू उतरते. काजवे गेले. कान भरणंही गेलं. पण वर गेल्यावर पोटात ती गोल गोल फिरण्याची भावना अजून येते, नुसती चाहूल लागल्यासारखी, आणि मी घाबरून खाली येते. वर गेल्यावर कुठे बघायचं तेच कळत नाही. डोळे खोलीभर हिंडतात. टेबलाचे पाय, गॅसची नळी, दाराखालची फट, सगळं उलटं आणि सगळं परकं.

पूर्वी मी तुझ्याकडे बघायचे. तुझ्या कपाळाकडे. बाकी जग फिरतंय की थांबलंय, मला काय करायचं होतं?

तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं : नाही, नाही, नाही, आणि पोटात ढवळतं ते भुकेने. दोन उशा कशाला? न्हाणीघरात स्टूल कशाला? मी एक्कावन्नची आहे रे, एक्क्याण्णवची नाही. सत्तावन्नाव्या वर्षीच तू असा म्हातारा कधी झालास? वहिनी घाबरट आहे, तिचं वारं लागलं वाटतं तुला.

रंग काढायचा असेल तर मी मदतीला येते की. मला फरशी पुसता येते आणि रंगाऱ्यांना चहा करून देता येतो. मे महिन्याचं नक्की लिही, मला सुट्टी मांडून ठेवायची आहे.

काडी

३ मार्च

काडी,

तुझी चक्कर कानात नाही आणि डोक्यातही नाही. ती तुझ्या शिकण्यात आहे. हे मला दोन दिवस विचार केल्यावर कळलं.

व्यायामशाळेतले मास्तर तुला काय ओरडायचे? "लाकूड हो." तू हलायचं नाही, सावरायचं नाही, वरचा तोल धरायला गेला की दोघं पडतात. तोल धरायचं काम खालच्याचं. तू जराशी डावीकडे गेलीस की मी मनगट वळवायचो, पुढे गेलीस की कोपर. तुला पत्ताही लागायचा नाही आणि लागू नये हेच माझं कसब होतं. लोकांना वाटायचं, ही पोरगी काय तोल धरते! तू आयुष्यात कधी तोल धरलेलाच नाहीस.

आता तू फरशीवर वर जातेस, लाकूड होतेस, आणि वाट बघतेस. खाली कुणी नाही. फरशी मनगट वळवत नाही. तू कलत जातेस, अंगाला ते कळतं, पण अंग काही करत नाही, कारण त्याला तसंच शिकवलेलं आहे. मग घाबरतेस आणि फिरायला लागतं.

तेव्हा आता नव्याने शिक. बोटं फाकव. पुढे कललीस तर बोटांची टोकं फरशीत रोव, मागे कललीस तर तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर भार दे. सतत. एक क्षण थांबायचं नाही. आणि दोन हातांच्या मध्ये, जराशी पुढे, खडूने बशीएवढा गोल काढ. चष्मा नसला तरी दिसेल. डोळे तिथून हलवायचे नाहीत.

भिंत हळूहळू सोड. खाली उशा टाक.

मे महिन्यात येऊ नकोस. रंगाचं काम लांबेल, धूळ फार होईल. माझे गुडघेही बरे नाहीत. ते वर घेण्याचं वगैरे आता विसर. आपली वयं झाली.

दादा

८ एप्रिल

दादा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण मी रुसले होते. अजून रुसलेलीच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल मी भिंत सोडली. गोल काढला होता, बोटं फाकवली होती, आणि सबंध वेळ माझी बोटं फरशी चाचपत होती, आई शेवटी शेवटी पांघरूण चाचपायची तशी. पाय भिंतीपासून सुटले. चक्कर नाही. पोटात काही नाही. खोली आपल्या जागी, मी माझ्या जागी. कितीतरी श्वास उभी होते. तू बरोबर होतास, अगदी शब्द न् शब्द.

मग खाली आले, तू सांगितल्याप्रमाणे कपाळ फरशीला टेकवलं आणि ढसाढसा रडले. दादा, मला जमायला नको होतं. चक्कर येत होती तोवर मला वाटत होतं की काहीतरी राहिलं आहे, कुणीतरी यायचं आहे. आता कळलं की खरंच कुणी यायचं नाहीये. माझं मला जमतं. स्वयंपाक जमतो, बिलं भरणं जमतं, तापात स्वतःच उठून पाणी पिणं जमतं, आणि आता हेही जमलं. याच्याइतकं एकटं मला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आणि तू लिहितोस, येऊ नकोस. धूळ होईल! मला धुळीचं वावडं कधीपासून? गुडघे बरे नाहीत तर नसू देत, तू मला पाठीवर झोपून वर घ्यायचं, त्यात गुडघ्यांचा काय संबंध? नको असेन तर सरळ नको म्हण. वहिनीला नको असेन तर तसं म्हण. रंगाऱ्यांच्या आड लपू नकोस.

काडी

२९ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. आता मी लिहिते ते ऐक.

आमच्या दुकानात आठवड्यातून एकदा डोळे तपासायला डॉक्टर येतात. काल गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी त्यांना सहज तुझ्या प्रश्नांची गंमत सांगत होते. डाव्या कुशीवर छत फिरतं का, फळीवरचा डबा काढताना फिरतं का, दोन उशा घे, काठावर बसून राहा. मी हसत होते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे प्रश्न हातांवर उभं राहणाऱ्या माणसाचे नाहीत. ज्याला झोपताच येत नाही त्याचे आहेत. तुमच्या भावाला हा त्रास कधीपासून आहे?"

मी हातातली काच ठेवली आणि घरी आले. मग तुझी दोन्ही पत्रं परत वाचली. डावी कूस! मी डावी म्हटलंच नव्हतं. खांदे धरतात म्हणून लिहिलंस, ते कुणाचे खांदे?

मग मी वहिनीला फोन केला. तुमच्या घरच्या नाही, तिच्या मोबाइलवर. मागे बाळ रडत होतं. म्हणाली, अगं, मी तर मागच्या वर्षीपासून लेकीकडेच आहे, तिची नोकरी आणि हे बाळ, माझा पाय निघतच नाही, त्यांनी तुला सांगितलं नाही? आणि रंग कसला, काही बोलले नाहीत मला.

मी तिला चकरेचं काही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का, ते तू ठरव. मला मात्र सगळं सांग. फोनवर नको, फोनवर तू पळून जातोस. लिही.

काडी

६ मे

काडी,

डोळ्यांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. त्यांनी कानांचे डॉक्टर व्हायला हवं होतं.

सात-आठ महिने झाले. एका सकाळी कूस बदलली आणि छत उचलून कुणीतरी भिरकावल्यासारखं झालं. वाटलं, संपलं. थोड्या वेळाने थांबलं. परत वळलो, परत तेच. पाठीवर झोपलो की हमखास. आता मी आरामखुर्चीत बसून झोपतो. खांदे माझेच धरतात. जन्मभर लिफ्टच्या खोल विहिरीत एका दोरावर लोंबकळलो, कधी डोळे फिरले नाहीत, आणि आता उशीवरून फिरतात. हसण्यासारखंच आहे.

कानांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, कानात बारीक कण असतात, ते जागेवरून सुटले आहेत, काही मोठं नाही. औषध नाही, उपाय आहे. झोपायचं, डोकं खाटेच्या कडेवरून मागे सोडायचं, त्या ते हातात घेणार, एका बाजूला वळवणार, मग दुसऱ्या. कण परत जागेवर जातात. पाच मिनिटांचं काम.

मला ते जमलं नाही. त्या म्हणायच्या, काका, मान सोडा. मी म्हणायचो, सोडली आहे. मान खांबासारखी ताठ. तीनदा प्रयत्न केला. मी कधी कुणाच्या हातात डोकं सोडून दिलेलं नाही, काडी. मी खालचा. मला धरता येतं. सोडता येत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, घरच्या कुणाला तरी घेऊन या, त्यांना शिकवते, ओळखीच्या हातात माणूस सैल पडतो. मी बरं म्हटलं आणि परत गेलो नाही. कुणाला घेऊन जाणार?

तुझ्या वहिनीला सांगितलं असतं तर ती बाळाला टाकून धावत आली असती, आणि लेकीचे हाल झाले असते. तुला सांगितलं असतं तर तूही आली असतीस. मला तेच नको होतं. तू आईचं केलंस, एकटीने केलंस, आम्ही फक्त अधूनमधून येऊन फळं ठेवून गेलो. आता कुठे तुझी खोली मोकळी झाली, तर तिथे माझं दुखणं आणून टाकायचं?

आणि दुसरं. तू लिहिलंस की तुला माझ्या हातांवर उभं राहायचं आहे. ते वाचून मी फरशीवर पाठ टेकून बघितली. हात वर केले. सगळं फिरलं आणि माझे हात आपोआप खाली आले, फरशीला धरायला. तू वर असतीस तर? ते तुला कसं लिहू? म्हणून रंगाचं निमित्त काढलं.

रुसू नकोस. तू नको आहेस असं या घराला कधी वाटलं नाही.

दादा

११ मे

दादा,

सोमवारी येते आहे. नाही म्हणायला तुला वेळ मिळू नये म्हणून हे पत्र उशिरा टाकते आहे, बहुतेक मी आणि पत्र एकदमच पोचू.

आईचं करताना थकले होते, खोटं कशाला बोलू. पाठ गेली, झोप गेली. पण ते मी तुझ्यावर उपकार म्हणून केलं नव्हतं, आणि त्याची भरपाई म्हणून तू खुर्चीत झोपावंस का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याचं दुःख त्याला न विचारता हलकं करायची तुझी ही जुनी खोड आहे.

डॉक्टरबाईंची वेळ घेऊन ठेव. आणि घर आवर.

काडी

४ जून

दादा,

सुखरूप पोचले. दुकानाची नवी फरशी गुळगुळीत आहे, सगळ्या घसरत चालतात. मी एकटी नीट चालते, सगळ्यांना नवल वाटतं.

तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहिते. त्या दिवशी कानांच्या डॉक्टरबाईंकडे तुला काही दिसत नव्हतं, तुझ्यापुढे सगळं फिरत होतं, म्हणून तुला माहीत नाही. डॉक्टरबाईंनी मला खाटेच्या टोकाशी उभं केलं, हात कसे धरायचे दाखवलं, आणि तुला मागे झोपवलं. तुझी मान खरंच ताठ होती. मी म्हटलं सोड, तू म्हणालास सोडली. मग मला राग आला आणि मी तुझ्या स्वयंपाकघराचा विषय काढला. एकच पातेलं, त्यातच भात, त्यातच चहा, आणि फ्रिजमध्ये बॅटरीचे सेल! तू हसलास. हसलास आणि तुझं डोकं माझ्या हातात आलं.

दादा, किती जड होतं रे. तुझी बुबुळं भराभर एका बाजूला उडत होती, तू माझं मनगट घट्ट धरलं होतंस, आणि मला वाटलं की आता हे माझ्या हातून निसटणार. इतकी वर्षं मी तुझ्या हातांवर होते आणि मला कधी कळलंच नाही की खालच्याला इतकी भीती वाटते. तुझ्या चेहऱ्यावर ती कधी दिसली नाही. मी तर तुझ्याकडेच बघत असायचे.

मग फिरणं थांबलं. त्या रात्री तू आडवा झोपलास, आणि असा घोरलास की मला बाहेरच्या खोलीत गादी न्यावी लागली.

हातांवर उभं राहण्याचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. बरंच झालं. आठ-दहा दिवस तुझ्यासोबत भाजी निवडली, ते मला पुरलं असं म्हणणार होते. पण पुरलं नाही.

आता जे लिहायला पत्र घेतलं ते लिहिते. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, हे कण परत सुटू शकतात, वर्षाने, दोन वर्षांनी, काही सांगता येत नाही. तू "अरेरे" म्हणालास. मीही मान हलवली. पण खरं सांगू? मला बरं वाटलं. मनात आलं, म्हणजे याला परत माझी गरज पडेल. सख्ख्या भावाला चक्कर यावी म्हणून वाट बघणारी बहीण! इथे घरी आल्यावर दार उघडलं, दिवा लावला, भिंतीसमोर बसले, आणि तेच परत मनात आलं. स्वतःची शिसारी आली. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

रागावलास तर रागाव, पण लिही.

काडी

१२ जून

काडी,

झोप छान लागते. तुझ्या वहिनीला फोनवर सगळं सांगितलं, तिने मला पाऊण तास झापलं आणि मग रडली. पुढच्या महिन्यात बाळाला घेऊनच येते म्हणते. नवीन पातेलं आणलं.

तू गेल्यावर संध्याकाळी मी फरशीवर पाठीवर झोपलो. काही फिरलं नाही. छत जागच्या जागी. हात वर केले, तेही नीट राहिले. बराच वेळ तसाच पडून होतो. मोकळे हात वर धरून ठेवले की लवकर भरून येतात, वजन असलं की येत नाहीत. हे मला माहीत नव्हतं.

मी रागावलेलो नाही. चक्कर येण्याची वाट बघत बसू नकोस. नाही आली तरी ये.

दादा